आधी नोंद, मग शोध
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यानिमित्त हडपसर येथे झालेले भाषण)





मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी कीर्तनकार नाही, प्रवचनकार नाही. माझा जन्म ग्रंथालयात गेला. पुस्तक आले की दाखलनोंद वहीत चढवायचे, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी डकवायची, वाचक आला की शोधून त्याच्या हातात द्यायचे, एवढेच माझे काम. पण दिंडीचालक म्हणाले, "शंभर वर्षांच्या वह्या पेटीत पडून आहेत. पोरं म्हणतात, सगळं मोबाईलवर टाकू. टाकायचं का, आणि टाकायचं तर कसं, ते तुम्ही सांगा." मग मात्र मला राहवले नाही. हा विषय माझ्या पोटातला आहे. का, ते पुढे सांगतो.

आपण आज हडपसरला बसलो आहोत. पुण्याचा मुक्काम हलला की दोन्ही पालख्या इथपर्यंत एकाच वाटेने येतात. गाडीतळावर मात्र वाटा फुटतात. माउलींची पालखी सासवडच्या रस्त्याला लागून दिवे घाट चढते, तुकोबारायांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते. नवखा वारकरी इथे चुकला, तर तो काही नाहीसा होत नाही. तो चालतच असतो, मुखी नामही असते. पण त्याचे माणूस त्याला सासवडला शोधते आणि तो लोणीला असतो. ग्रंथांचेही असेच होते, बघा. चुकीच्या फळीवर ठेवलेला ग्रंथ जळालेला नसतो, वाळवीने खाल्लेला नसतो. पण मागणाऱ्याच्या दृष्टीने तो नसल्यातच जमा.

माणूस चुकला तर सापडायचा कसा, याची सोय आपल्या सोहळ्याने केव्हाच करून ठेवली आहे. रथापुढे अमुक क्रमांकाची दिंडी, रथामागे अमुक क्रमांकाची. लाखोंच्या गर्दीत म्हातारी एकटी पडली, तरी तिला आपल्या दिंडीचा क्रमांक तोंडपाठ असतो. "रथामागं इतकी" एवढे सांगितले की कोणीही तिला हात धरून पोहोचवतो. संध्याकाळी समाज आरतीला चोपदारांनी चोप उंचावला की सारा तळ चिडीचूप होतो, आणि हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो. कोणाचे टाळ, कोणाची पिशवी. ग्रंथालयात आम्ही जिला तालिका म्हणतो, ती याहून निराळी नाही. कोणती वस्तू आपल्याकडे आहे, कोणाची आहे, कुठे ठेवली आहे, हे पुकारून सांगणारी यादी म्हणजे तालिका.

आपल्या पडशीतल्या गाथेच्या शेवटची पाने उघडा. तिथे अभंगांच्या पहिल्या चरणांची अकारविल्हे यादी असते. भजनी मालिकेत काकड्याचे अभंग वेगळे, वाराचे अभंग वेगळे, गौळणी वेगळ्या, विराण्या वेगळ्या, भारुडे वेगळी. ही विभागणी कोणा साहेबाने शिकवली नाही. भजनाला उभे राहिल्यावर हवे ते वेळेवर सापडावे म्हणून आपल्याच पूर्वजांनी केली. म्हणून यादी हे शहरातल्या विद्वानांचे काम आहे, असे कोणी समजू नका.

आता यादीत घोळ कसा होतो ते ऐका. एका महाराजांनी कीर्तनात अभंगाचा क्रमांक सांगितला. तुम्ही घरी जाऊन आपल्या गाथेत तो क्रमांक काढला, तर तिथे भलताच अभंग. हा अनुभव इथे किती जणांना आहे? हात वर करू नका, माना हलल्या तेवढे पुरे! कारण गाथा एक नाही. काही गाथ्यांत अभंग चार हजारांच्या आसपास आहेत, काहींत साडेचार हजारांच्या वर. मुंबई सरकारच्या मदतीने विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली गाथा १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत निघाली. तिच्यासाठी त्यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर अशा चार ठिकाणच्या हस्तलिखित प्रती ताडून पाहिल्या. पुढे १९५० साली सरकारने ती गाथा पुन्हा छापली. वारकरी परंपरेतल्या गाथ्या आणखी वेगळ्या. म्हणून नुसता क्रमांक सांगून भागत नाही. कोणत्या गाथेतला क्रमांक, हेही सांगावे लागते.

प्रती ताडून पाहण्याचे हे काम पंडित मंडळींच्याही आधी तीनशे वर्षे आपल्याकडे झाले आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवल्या, पाठांत शिरलेली भेसळ काढली, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी यात आपल्या ओव्या घालू नयेत असे बजावून ठेवले. माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली शके १२१२ मध्ये. मधली तीनशे वर्षे ग्रंथ हातोहात उतरवला जात होता, आणि उतरवणाऱ्याचा हात चुकणारच. आज संगणक दोन प्रती शेजारी ठेवून क्षणात सांगतो की इथे एक शब्द वेगळा, तिथे एक ओवी जास्त. त्याला डिजिटल विश्लेषण असे मोठे नाव आहे. काम मात्र नाथांच्याच वाटेवरचे आहे. फरक इतकाच की कोणता शब्द खरा मानायचा, हे नाथ ठरवू शकत होते. यंत्र फक्त फरक दाखवते.

१९१७ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या एकाच वर्षी जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभे राहिले. आळंदीला मुले ग्रंथ कंठात धरू लागली, पुण्यात पोथ्या कपाटात राहू लागल्या, त्यांच्या वर्णनाच्या छापील याद्या निघू लागल्या. कोणी म्हणेल कंठ श्रेष्ठ, कोणी म्हणेल कपाट. मला विचाराल तर दोन्ही हवेत. कंठातला ग्रंथ त्या देहाबरोबर जातो. कपाटातला ग्रंथ राहतो, पण कोणी मागितलाच नाही तर तो राहूनही गेल्यासारखाच.

ग्रंथ कोणत्या कपाटात ठेवायचा, हाही प्रश्न सोपा नाही. मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकेतल्या ग्रंथपालांनी १८७६ साली जगातल्या सगळ्या विषयांना क्रमांक दिले. जगभरची ग्रंथालये आजही ती पद्धत वापरतात, आपल्याकडचीही. तिच्यात धर्माचे ग्रंथ दोनशेच्या घरात, हिंदू धर्म २९४.५. साहित्य आठशेच्या घरात, मराठी साहित्य ८९१.४६. आता सांगा, तुकोबांची गाथा कुठे ठेवायची? धर्मात ठेवली तर कवितेच्या अभ्यासकाला दिसत नाही. साहित्यात ठेवली तर परमार्थाची वाट शोधत आलेला माणूस मोकळ्या हाताने जातो. पुस्तक एकच, ते दोन फळ्यांवर कसे बसणार? जुन्या काळी आम्ही पुठ्ठ्याची तालिकापत्रे करायचो. एका फळीवर पुस्तक आणि दुसऱ्या ठिकाणी "तिकडे पहा" असे सांगणारे पत्र. संगणकाने ही अडचण खरोखर दूर केली. एकाच नोंदीला आता दहा खुणा लावता येतात. धर्म, काव्य, देहू, सतरावे शतक, अमुक संपादक. कोणत्याही दाराने आत या, ग्रंथ भेटतोच. ही नव्या काळाची मोठी देणगी आहे, ती आपण नाकारू नये.

पण या खुणा कोण लावतो? माणूस लावतो. तो चुकला तर काय होते, ते आता सांगतो. ही चूक माझी आहे.

नोकरीची पहिली वर्षे होती. एका वाचनालयात कामाला होतो. एक दिवस कोणीतरी फडक्यात बांधलेल्या तीन वह्या आणून दिल्या. घर पाडायचे होते, माळ्यावर सापडल्या म्हणाले. आत मोडी वळणाच्या बाळबोध अक्षरात अभंग, मधूनमधून ओव्या, काही ठिकाणी वाटचालीतल्या भजनाचा क्रम. सुरुवातीची पाने गेलेली. बाहेर वाचक खोळंबले होते. मी दाखलनोंदीत एक ओळ लिहिली, "जुन्या धार्मिक वह्या, ३, अपूर्ण." आणून देणाऱ्याचे गाव विचारले नाही, कोणाचे घर ते विचारले नाही. तिन्ही वह्या वरच्या फळीवर टाकल्या आणि विसरलो.

बारा-तेरा वर्षांनी एक आजी आली. आपल्याच दिंडीतली. कपाळी बुक्का, हातात कापडी पिशवी. म्हणाली, "माझ्या बापाच्या वह्या हितं दिल्यात म्हणं. बाप विणेकरी व्हता. एका वहीत माझ्या आईच्या ओव्या हायत्या. आई जात्यावर म्हणायची आन् बाप लिवून घ्यायचा. मला लिवता येत न्हाई, पर मोठ्यानं वाचून दावली तर वळखीन." मी यादी काढली. बापाच्या नावाने काही नाही. गावाच्या नावाने काही नाही. शेवटी फळ्या पालथ्या घातल्या. दोन वह्या सापडल्या. तिसरी नाही. मधल्या काळात फाटकी आणि निरुपयोगी पुस्तके निर्लेखनात काढली होती. "अपूर्ण" असा शेरा असलेली वही त्यात गेली असणार. शेरा माझ्याच हातचा.

सापडलेल्या दोन वह्यांत आईच्या ओव्या नव्हत्या. आजी रागावली नाही. मला म्हणाली, "आरं लेकरा, बिननावाच्या पोराला हाक कशी मारायची? तू नाव लिवलं असतंस तर ती वही वो तरी देती."

तेव्हापासून मला एक गोष्ट पटली आहे. ग्रंथ जळून जातात, पुरात जातात, वाळवी खाते, हे खरे. पण आपल्या हातून जास्त ग्रंथ जातात ते नोंद नीट न केल्याने. आणि त्यातही बायांचे शब्द आधी जातात.

जनाबाईंचेच पाहा. नामदेवरायांच्या गाथेच्या छापील प्रतींत जनाबाईंचे अभंग असतात. चोखोबा, सोयराबाई, मुक्ताबाई, कान्होपात्रा यांचेही अनेकदा कोणत्या ना कोणत्या सकलसंतगाथेत. आता ग्रंथालयाच्या यादीत "कर्ता" या रकान्यात काय लिहिणार? नामदेव. झाले, जनाबाई यादीतून गेल्या. पुस्तक आहे, अभंग आहेत, पण जनाबाईंच्या नावाने शोधले तर यंत्र म्हणते, नाही.

आणि यंत्राला वाटते अभंगाच्या शेवटची मुद्रा पाहून कर्ता ठरवावा. आपल्याला कळते, त्याला कसे कळणार? जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेतात. यंत्राने "नामया" शब्द पाहिला की अभंग नामदेवांच्या खात्यावर! नाथमहाराज आपल्या नावाला गुरूंचे नाव जोडून "एका जनार्दनी" म्हणतात. यंत्र जनार्दनस्वामींना कवी ठरवून मोकळे होईल. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्या रचना मिसळल्या आहेत असे अभ्यासक सांगतात, दोघेही "नामा"च. बहिणाबाई म्हणाल तर शिऊरच्या संत बहिणाबाई तुकोबांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या. आणि जळगावच्या बहिणाबाई चौधरी विसाव्या शतकातल्या. नाव एक, मधे अडीचशे वर्षे. उलट ज्ञानेश्वर, ज्ञानदेव, ज्ञानोबा, माउली ही नावे चार आणि व्यक्ती एक. हे सगळे यंत्राला आधी माणसाने सांगून ठेवावे लागते. आम्ही ग्रंथपाल याला नावांची प्रमाण यादी म्हणतो. ही यादी करायला संगणक येणारा पोरगा हवा, आणि त्याच्या शेजारी गाथा तोंडपाठ असलेला टाळकरीही हवा. एकट्याचे हे काम नाही.

संतांच्या ग्रंथाला यंत्र लावणे म्हणजे बाटवाबाटवी, असे काहींना वाटते. त्यांना एक गोष्ट सांगतो. शब्द मोजायला संगणक लावण्याच्या अगदी पहिल्या मोठ्या कामांपैकी एक काम एका संतवाङ्मयावरच झाले, आणि ते केले एका धर्मगुरूंनी. इटलीतले ख्रिस्ती पाद्री, रोबेर्तो बुसा त्यांचे नाव. संत थॉमस अक्वायनस हे त्यांचे आचार्य. आपल्या माउलींच्या जन्माच्या थोडे आधी, १२७४ साली, ते निवर्तले. त्यांच्या ग्रंथांतला शब्द न् शब्द कुठे कुठे आला आहे, याची सूची बुसांना करायची होती. १९४९ साली ते अमेरिकेत आयबीएम कंपनीकडे गेले. तेव्हा आजच्यासारखे संगणक नव्हते. पुठ्ठ्याच्या पत्रांना भोके पाडून शब्द साठवायचे. एक कोटीवर शब्द, तीस वर्षे काम, छप्पन खंड. ती भोके पाडायचे काम तरुण मुली करत होत्या. बुसांचे नाव जगभर झाले. त्या मुलींची नावे फार थोड्यांना ठाऊक आहेत. आपल्या आजीची आई तिथेही भेटतेच, बघा.

बुसांना हे काम सुचले कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. देवाचे सान्निध्य या विषयावर त्यांना लिहायचे होते. "सान्निध्य" या मोठ्या शब्दाच्या मागे ते लागले. तेव्हा ध्यानात आले की खरा अर्थ "मध्ये", "आत" असे सांगणाऱ्या एका बारक्या शब्दात दडला आहे. बारके शब्द माणूस वाचताना सोडून देतो. मोजताना ते सुटत नाहीत.

याच बारक्या शब्दांवरून लिहिणारा कोण, याचाही अंदाज काढतात. अमेरिकेत जुन्या राजकीय लेखांपैकी बारा लेख दोन पुढाऱ्यांपैकी कोणाचे, असा वाद होता. १९६४ साली दोन गणितज्ञांनी बारके शब्द मोजून तो पुष्कळसा मिटवला. मग आपली पोरे विचारतात, असेच मोजून तुकोबांचा खरा अभंग कोणता आणि मागाहून घुसलेला कोणता, हे काढता येईल का?

इथे मी त्यांना जरा थांबवतो. तुकोबांचा अभंग आपल्यापर्यंत आला कसा? कोणी ऐकला, कोणी उतरवला, टाळकऱ्यांनी म्हटला, छापखान्याने जुळवला. या वाटेत मोठे शब्द सहसा बदलत नाहीत. विठ्ठल बदलत नाही, पंढरी बदलत नाही. बदलतात ते बारके शब्दच. जुन्या पोथीत "जाला" असते, छापताना "झाला" होते. पूर्वी "नाहीं", "आतां" असे टिंबासह लिहायचे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ती टिंबे गेली. मग यंत्राने बारके शब्द मोजले तर ते कोणाचे मोजमाप? तुकोबांचे, की उतरवून घेणाऱ्याचे, की छापखान्यातल्या जुळाऱ्याचे? म्हणून मोजण्याआधी विचारायचे, ही प्रत कोणती? कोणी उतरवली, कधी, कुठे? याचे उत्तर यादीत असेल तर मोजण्याला अर्थ. यादीत "जुनी वही, अपूर्ण" एवढेच असेल, तर पुढचा सगळा हिशेब वाळूवरचा. यंत्राचे उत्तर आपण केलेल्या नोंदीच्या पुढे जाऊ शकत नाही. आजचे माझे सगळे बोलणे एवढ्याच एका वाक्याचे आहे.

ही नोंद चांगली करता येते, याचा दाखला आपल्या पुण्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅँ, हे गृहस्थ मूळचे फ्रान्सचे, यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी जाऊन बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, तीन हजारांहून जास्त बाया, हजारावर गावे. पुढे त्या संगणकात घातल्या, अनेक ध्वनिमुद्रित केल्या. आता २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर त्या एकेक करून ऐकायला मिळतात. त्यांत विठ्ठल आहे, पंढरीची वाट आहे, तुकोबा आहेत, सासर आहे, भाऊ आहे. पण मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही की ओवीशेजारी गाणाऱ्या बाईचे नाव आहे आणि तिचे गाव आहे. आज कोणी मुळशी तालुक्यातली नात आपल्या आजीचे नाव घालून शोधते, आणि आजी ओ देते. आमच्या वाचनालयात जे घडले नाही, ते तिथे घडले.

आता पुढचा काळ कसा असेल? आपल्या हडपसरच्या शिवारात जिथे ऊस होता, तिथे आज संगणकाच्या कंपन्या आहेत. त्यांत काम करणारी पोरे आपल्याच घरची आहेत. ती म्हणतात, "काका, आता यादीबिदी कशाला? मोबाईलला विचारलं की सांगतो." खरे आहे. तो सांगतो. पण तो काय सांगतो? मोबाईलवर रोज "तुका म्हणे" लिहिलेली कवने फिरतात. त्यांतली काही कोणत्याच गाथेत नाहीत. आता तर यंत्राला तुकोबांसारखा अभंग कर म्हटले, तर ते घटकाभरही घेत नाही. चरण जुळलेले, शेवटी मुद्रा घातलेली. म्हाताऱ्या वारकऱ्याला ऐकताच खोटे कळेल. पण तो म्हातारा किती दिवस पुरणार? पुढच्या पोराला कशावरून कळायचे? "कुठल्या गाथेत आहे, दाखव" असे विचारण्याची सवय असली तरच. म्हणून येत्या काळात यादीचे महत्त्व कमी होणार नाही, उलट वाढणार आहे. पूर्वी यादी ग्रंथ कुठे आहे ते सांगायची. आता ग्रंथ खरा आहे की नाही, याची साक्षही तिलाच द्यावी लागेल. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद आणि जतन करायचे जाहीर झाले आहे. चांगलेच आहे. पण सरकारचा माणूस तुमच्या माळ्यावर कधी चढेल याची वाट बघत बसू नका.

तर दिंडीचालकांना माझे उत्तर असे. पेटीतल्या वह्या मोबाईलवर जरूर टाका, पण आधी यादी करा. शंभर पानी साधी वही घ्या आणि प्रत्येक जुन्या वहीला क्रमांक द्या. मग लिहा: वही कोणाच्या घरची, गाव कोणते. लिहिणारा कोण, ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" असेच लिहा, अंदाज लिहू नका. आत कुठे शके किंवा साल असेल तर ते. पाने किती, फाटलेली किती. पहिल्या आणि शेवटच्या अभंगाचा पहिला चरण. आणि आता ती वही कोणाकडे आहे.

वही ताब्यात द्या असे कोणालाही म्हणू नका. लोक भितात ते तिथेच. यादीसाठी वस्तू हलवावी लागत नाही. आजोबांची वही नातवाच्या देवघरातच राहू दे, यादीत तिचा पत्ता असला की झाले. फोटो काढायचे तर घरच्यांना विचारून, दिवसाच्या उजेडात, एका फोटोत एक पान, आणि फोटोलाही वहीचाच क्रमांक. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये गच्च बंद करू नका. आपल्या पूर्वजांसारखे सुती फडक्यात बांधा, सोबत वेखंडाची पुरचुंडी ठेवा, वर्षातून एकदा उघडून वारा द्या.

आणखी एक. फोटो म्हणजे अक्षर नव्हे. फोटोतला हाताने लिहिलेला जुना शब्द यंत्राला खात्रीने वाचता येत नाही, तो टाईप केलेला बरा. टाईप करताना युनिकोडमध्ये करा. मागच्या कितीतरी दिंड्यांच्या स्मरणिका जुन्या फाँटमध्ये जुळवल्या गेल्या. आज ती फाईल उघडली तर नुसती चित्रविचित्र चिन्हे दिसतात. आणि "जाला" असेल तिथे "जाला"च ठेवा, सुधारू नका. सुधारण्याचा अधिकार नाथांचा होता, आपला नव्हे.

म्हाताऱ्या माणसांचा आवाजही याच यादीत घ्या. कोणती चाल कोणाकडून आली, वाटेत कुठे कोणता अभंग म्हणायचा, हे वह्यांत नसते. ते कंठात असते. मोबाईल समोर ठेवा, नाव आणि गाव आधी बोलून घ्या, मग म्हणायला सांगा.

शेवटची एक विनंती आहे. ही यादी सुरू कराल तेव्हा पहिल्या क्रमांकावर हरवलेल्या वहीची नोंद करा. हो, हरवलेल्या. ग्रंथालयात जे गहाळ झाले त्याचीही नोंद ठेवतात, म्हणजे पुढेमागे कुठे दिसले तर ओळख पटते. त्या आजींकडून मी त्यांच्या आईचे नाव त्याच दिवशी विचारून घेतले होते. गावही विचारले होते. आजींना आठवणाऱ्या चार ओव्याही लिहून घेतल्या. ती चिठ्ठी आज मी दिंडीचालकांच्या हाती देतो आहे. क्रमांक एक, जात्यावरच्या ओव्या, सांगणारीचे नाव, लिहून घेणाऱ्याचे नाव, गाव, आणि शेवटी शेरा: गहाळ. "अपूर्ण" हा शेरा मी पुन्हा लिहिणार नाही.

गाडीतळावर फुटलेल्या वाटा पुढे वाखरीला भेटतात. आपली यादी सुरू राहिली, तर त्या आजींच्या घरचे कोणी एक दिवस ती वाचील आणि म्हणेल, ही आमची. तेवढे झाले तरी माझे बोलणे पावले.